वारा, मॅगेलन आणि एक चकाकणारा अंगठा

नकाशात दक्षिण अमेरिका शोधा. चिलीच्या त्या लांबलचक पट्टीवर बोट ठेवा आणि खाली न्या. अजून खाली. हळूहळू जमिनीचे तुकडे व्हायला लागतात, कुणीतरी बेटांचा चुरा सांडून ठेवल्यासारखं दिसतं, आणि आता बोट थेट अंटार्क्टिकात शिरणार असं वाटतं तिथे एक ठिपका आहे. पुंता अरेनास. ५३ अंश दक्षिण. समोर मॅगेलनची सामुद्रधुनी, पलीकडे तिएरा देल फुएगो नावाचं मोठं बेट. या उंचीची... सॉरी, या खोलीची सव्वा लाख वस्तीची शहरं जगात फारशी नाहीत.

सँटियागोत माझं प्रोजेक्ट चालू होतं आणि डिसेंबरात चार दिवसांची सुट्टी जोडून मिळत होती. ऑफिसमधले सगळे पर्यटक जातात तिथे, म्हणजे तोरेस देल पाइनेच्या डोंगरांत निघाले होते. पुंता अरेनास हे त्यांच्या लेखी फक्त विमानतळाचं नाव. उतरायचं, बस पकडायची आणि पळायचं. मला मात्र ट्रेकिंगपेक्षा गावं फिरायला आवडतात. चौक, जुनी चर्चेस, कबरस्तानं, त्या गावचे पुतळे. एखाद्या गावाने स्वतःबद्दल काय ठरवलंय ते पुतळ्यांवरून पटकन कळतं. म्हटलं, सगळे जिथून पळतात तिथेच राहून बघू.

सँटियागोहून विमानाने साधारण साडेतीन तास. आणि गंमत म्हणजे चिलीच्याच या शहरात चिलीतून सरळ गाडीने जाता येत नाही. मध्ये हिमनद्या आणि खाड्या आहेत, रस्ता नाही. गाडी काढलीच तर अर्जेंटिनात शिरून वळसा घालायचा, नाहीतर बोट. त्यामुळे इथली माणसं स्वतःला आधी मॅगायानेसची म्हणवतात, मग चिलीची. आपल्याकडे कोल्हापूरकर कसे आधी कोल्हापूरकर असतात, तसंच काहीसं. घड्याळही वेगळं आहे. २०१७ पासून हा प्रांत वर्षभर एकाच वेळेवर चालतो, बाकीचा बहुतेक देश मात्र उन्हाळा-हिवाळ्यात काटे मागेपुढे करत बसतो.

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि वाऱ्याने पहिली थोबाडीत दिली. मी मुंबईचा पाऊस खाल्लेली मुलगी आहे, वारा काय मला नवा नाही. पण हा वारा वेगळाच. तो झुळूक-बिळूक या भानगडीत पडत नाही, सतत एका दिशेने ढकलत राहतो. उन्हाळ्यात तर जास्तच. कधीकधी ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो आणि तेव्हा शहराच्या मध्यवस्तीत पादचाऱ्यांना धरून चालता यावं म्हणून चक्क दोर बांधतात. झाडं बघावीत तर सगळी एकाच बाजूला झुकलेली, लोकलच्या दारात लटकल्यासारखी. वर ओझोनचं भोक. वसंतात ते या बाजूला सरकतं, म्हणून थंडीने कुडकुडत असताना सनस्क्रीन लावायचं. डिसेंबरात संध्याकाळ दहा वाजेपर्यंत संपत नाही. थोडक्यात, निसर्गाने इथे राहू नका असं शक्य त्या सगळ्या प्रकारे सांगितलंय. आणि अशा ठिकाणी माणसांनी उभा केलाय एक अगदी युरोपियन चौक.

प्लाझा मुन्योस गामेरो. मोठी जुनी झाडं, बाकं, हस्तकलेच्या वस्तूंचे स्टॉल, ऊन खात पसरलेली जाडजूड कुत्री, आणि भोवती सगळ्या बाजूंनी महाल आणि बँकांसारख्या भारदस्त इमारती. पॅरिसमधल्या एखाद्या लहान शहराचा तुकडा कापून इथे आणून ठेवलाय म्हणाल. हे शहर १८४८ मध्ये वसलं ते मुळात चौकी आणि कैद्यांची वसाहत म्हणून. चौकाला ज्याचं नाव आहे तो बेंहामिन मुन्योस गामेरो इथला गव्हर्नर होता. १८५१ मध्ये कांबियासो नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने बंड केलं, गाव जाळलं आणि त्याला ठार मारलं. म्हणजे ज्या चौकात आपण निवांत कॉफी पितो त्याचं नावच रक्तातून आलंय. हे तर नुसतं ट्रेलर आहे.

चौकाच्या मधोमध मॅगेलनचा पुतळा. उंच चौथऱ्यावर कर्तबगार दर्यावर्दी ऐटीत उभा. ऑक्टोबर १५२० मध्ये तो या सामुद्रधुनीत शिरला आणि ३८ दिवसांनी पलीकडे पॅसिफिकमध्ये बाहेर पडला. त्या घटनेला ४०० वर्षं झाली म्हणून १९२० मध्ये हे स्मारक उभं राहिलं. शिल्पकार गुयेर्मो कोर्दोवा. मॅगेलनच्या पायाशी, चौथऱ्याच्या खालच्या पायरीवर आणखी ब्राँझच्या मूर्ती आहेत. एक जलपरी, आणि इथले मूळ रहिवासी दोन. एक आओनिकेन्क, एक सेल्कनाम. त्यातल्या एकाचा पाय चौथऱ्यावरून खाली लोंबतोय आणि त्या पायाचा अंगठा सोन्यासारखा लखलखतोय. बाकी सगळा पुतळा काळाहिरवा, तेवढा अंगठा पिवळाधमक.

कारण? त्या अंगठ्याचं चुंबन घेतलं की माणूस पुंता अरेनासला परत येतो, अशी समजूत. पूर्वी खलाशी पुढच्या खवळलेल्या समुद्रात नशिबाने साथ द्यावी म्हणून हात लावायचे, आता क्रूझवरचे पर्यटक लावतात. मी गेले तेव्हा रीतसर रांग होती. एक जोडपं, मग एक आजोबा, मग कॉलेजच्या पोरींचा ग्रुप. पाय धरायचा, ओठ टेकवायचे, फोटो, पुढचा. आपल्याकडे लालबागच्या राजाला चरणस्पर्शाची असते ना रांग, त्याचं मिनी व्हर्जन.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. तिच्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, पण मी जगाच्या टोकाला गेलेय म्हटल्यावर तिला झोप येत नव्हती. मी फोन फिरवून चौक दाखवला.

"अगं, तो वर उभाय तो कोण?"

"मॅगेलन, आई. ज्याने हा समुद्राचा रस्ता शोधला."

"बरं. आणि खाली बसलाय तो? ज्याच्या पाया पडतायत?"

"तो सेल्कनाम. इथला मूळचा माणूस."

"अरे वा. मग आता ती माणसं कुठे असतात? दाखव की एखादा."

आईचे प्रश्न असे असतात. साधे, आणि उत्तर देताना आपली पंचाईत करणारे. "नंतर सांगते" म्हणून मी फोन ठेवला. पुढचे तीन दिवस मी चौक, चर्चेस आणि महाल बघत फिरले, पण डोक्यात तिचा तो प्रश्न होता.

सेल्कनाम राहायचे सामुद्रधुनीच्या पलीकडे, तिएरा देल फुएगोवर. या नावाचा अर्थ आगीचा प्रदेश. मॅगेलनच्या जहाजांवरून रात्री किनाऱ्यावर पेटलेल्या आगी दिसल्या, त्यावरून बेटाचं नाव पडलं, अशी नेहमी सांगितली जाणारी गोष्ट. म्हणजे बेटाला नाव मिळालं ते तिथल्या माणसांच्या शेकोट्यांवरून. हजारो वर्षं ही माणसं तिथे ग्वानाकोची शिकार करून जगत होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांची संख्या तीन-चार हजारांच्या घरात असावी असा अंदाज आहे.

मग आल्या मेंढ्या. १८७७ च्या सुमारास फॉकलंड बेटांवरून इथे मेंढ्या आणल्या गेल्या आणि लक्षात आलं की हा वारा, हे गवत आणि ही थंडी म्हणजे लोकरीसाठी स्वर्ग. सरकारने प्रचंड जमिनी मूठभर लोकांना दिल्या. कुंपणं पडली, ग्वानाको हटले. सेल्कनामांनी मेंढ्या मारायला सुरुवात केली, त्यांच्या दृष्टीने ते पांढरे ग्वानाकोच. त्यावर मेंढीवाल्यांच्या माणसांनी सेल्कनामांची शिकार सुरू केली. शिकार हा शब्द मी विचार करून वापरतेय. मारलेल्या प्रत्येक माणसामागे पैसे मिळायचे, असं त्या काळातल्या अनेकांनी लिहून ठेवलंय. १८८९ मध्ये अकरा सेल्कनामांना धरून युरोपला नेलं आणि जे वाटेत मेले नाहीत त्यांना पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नरभक्षक म्हणून पिंजऱ्यात दाखवलं. त्याच प्रदर्शनासाठी आयफेल टॉवर बांधला होता. तो आपल्याला माहीत असतो.

आणि १८९५ मध्ये बेटावरून पकडून आणलेल्या सेल्कनाम कुटुंबांना याच पुंता अरेनासमध्ये घरोघरी वाटण्यात आलं. मुलं एकीकडे, आया दुसरीकडे. त्याची कोर्टात चौकशी झाली, ती अनेक वर्षं चालली, कागद आजही आहेत. बड्या मालकांपैकी कुणालाही शिक्षा झाली नाही.

आता चौकातल्या पुतळ्याकडे पुन्हा बघा. या स्मारकाचा पैसा कुणाचा? होसे मेनेंदेस या माणसाचा. स्पेनहून येऊन मेंढ्या, जहाजं आणि दुकानं यांचं साम्राज्य उभारलेला माणूस, पातागोनियाचा राजाच म्हणत त्याला. तो १९१८ मध्ये वारला. ज्या धंद्याने सेल्कनामांचा देश गिळला त्याच धंद्याच्या पैशातून सेल्कनामाची मूर्ती बनली आणि ती मॅगेलनच्या पायाशी बसवली. आणि आता सगळं जग येऊन तिला मुके देतंय. माझ्यापुढच्या पोरी "सो क्यूट" म्हणत होत्या.

याच चौकात मेनेंदेसचा अर्धपुतळाही होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये सँटियागोत मेट्रोच्या भाडेवाढीवरून आंदोलन पेटलं आणि देशभर पसरलं, तेव्हा नोव्हेंबरात इथल्या आंदोलकांनी तो उखडला आणि नेऊन ठेवला तो थेट या सेल्कनामाच्या पायाशी. भाषण नाही, बॅनरची गरज नाही. मला विचाराल तर या चौकातलं सगळ्यात बोलकं शिल्प तेच होतं, भले ते थोडाच वेळ टिकलं.

चौकाच्या कोपऱ्यावर सारा ब्राउनचा महाल. ही बाई मात्र सिनेमात शोभेल अशी. आजच्या लॅटव्हियातल्या ज्यू कुटुंबात १८६२ मध्ये जन्मली, लहानपणी आईवडिलांबरोबर या टोकाला आली, होसे नोगेइरा या पोर्तुगीज व्यापाऱ्याशी लग्न झालं. तो १८९३ मध्ये गेला आणि तिशीतली सारा अफाट मालमत्तेची एकटी मालकीण झाली. भाऊ माउरिसिओला हाताशी धरून तिने कारभार चालवला आणि वाढवला. महाल फ्रेंच आर्किटेक्ट नूमा मेयरने बांधला, सामान युरोपातून जहाजाने आलं. आज अर्ध्या भागात क्लब आणि अर्ध्या भागात हॉटेल आहे. हॉटेलचं रेस्टॉरंट बाईच्या जुन्या काचघरात आहे, डोक्यावर द्राक्षाचा वेल. बाहेर वारा खिडक्या बडवतोय आणि आत द्राक्षं लोंबतायत. मी एका सूपवर तासभर काढला. किमती बघून दुसरं काही मागवायची हिंमत नव्हती.

भाऊ माउरिसिओने लग्न केलं मेनेंदेसच्या मुलीशी, होसेफिनाशी. दोन साम्राज्यं एका मांडवाखाली. आपल्याकडच्या साखरसम्राटांची सोयरीक आठवली ना? मलाही. त्यांचा महाल एका चौकाच्या अंतरावर आहे आणि तिथे आता प्रांताचं संग्रहालय आहे. बिलियर्डची खोली, फ्रेंच फर्निचर, छताची नक्षी सगळं जागच्या जागी, मालक जरा बाहेर गेलेत असं वाटावं. तळघरात नोकरांच्या खोल्या. मी वरच्यापेक्षा तिथे जास्त वेळ होते.

चौकातच कॅथिड्रल आहे, विटांचं, आतून शांत. १८९२ ते १९०१ या काळात सालेसियन पंथाच्या धर्मगुरूंनी उभारलेलं, आराखडाही त्यांच्यातल्याच हुआन बेर्नाबे या पाद्र्याचा. बाहेरच्या वाऱ्यातून आत आलं की पहिली पाच मिनिटं फक्त शांतता ऐकू येते. सालेसियन म्हणजे कोण, हे मुंबईकरांना सांगायला नको. डॉन बॉस्कोची माणसं. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेवरून आणि तिथल्या त्या उंच घुमटाच्या चर्चवरून आपण शेकडो वेळा गेलोय. त्याच डॉन बॉस्कोने परदेशी मिशन पाठवलं ते सगळ्यात आधी १८७५ मध्ये, अर्जेंटिनात, पातागोनियाकडे डोळे लावूनच. माटुंग्याच्या चर्चमधली मेरी आणि इथल्या बुल्नेस अव्हेन्यूवरच्या सालेसियन चर्चमधली मारिया औक्सिलियादोरा, दोघी एकच. हजारो मैल दूर एकदम ओळखीचा चेहरा भेटावा तसं झालं मला.

इथल्या मिशनचा प्रमुख होता होसे फान्यानो. कॅथिड्रलमध्ये त्याची समाधी आहे. सेल्कनामांना वाचवायचं तर त्यांना मेंढीवाल्यांच्या बंदुकीपासून दूर न्यायला हवं, असं त्याचं म्हणणं. १८८९ मध्ये त्याने सामुद्रधुनीतल्या डॉसन बेटावर मिशन उघडलं आणि पकडलेली शेकडो माणसं तिथे आणली गेली. त्यांना कपडे दिले, प्रार्थना शिकवल्या, बायकांना विणकाम शिकवलं. बंदुकीपासून सुटले ते क्षयाने आणि गोवराने गेले. १९११ मध्ये मिशन बंद झालं, तेव्हा बेटावर माणसांपेक्षा क्रूस जास्त होते. आता या फान्यानोला काय म्हणायचं? त्याच्याखेरीज त्यांच्या बाजूने उभं राहणारं इथे फारसं कुणी नव्हतं, हे खरं. आणि त्याच्या बेटावर ती मेली, हेही खरं. समाधीपुढे कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती. मी त्या बाकावर बराच वेळ बसले आणि माझं काही ठरलं नाही.

(याच डॉसन बेटावर १९७३ च्या लष्करी उठावानंतर पिनोशेने अयेंदे सरकारच्या मंत्र्यांना कैदेत ठेवलं. काही बेटांचं नशीबच तसं असतं.)

चर्चला लागून सालेसियनांचं संग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. गावात एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर महाल सोडा, हे बघा. होड्या, हत्यारं, ग्वानाकोच्या कातड्याची वस्त्रं, आणि फोटो. मिशनमध्ये ओळीने उभी केलेली मुलं, सगळ्यांना एकसारखे कपडे, सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे आणि एकही हसत नाही. तिथून बाहेर पडून सुव्हेनिअरच्या दुकानात शिरलात की फ्रिज मॅग्नेटवर, मगवर, टीशर्टवर तेच सेल्कनाम. अंगावर पांढरे पट्टे, तोंडावर उंच मुखवटे. हे त्यांच्या हाईन विधीचे फोटो, मार्टिन गुसिंडे या जर्मन पाद्र्याने १९२० च्या दशकात घेतलेले. फार सुंदर आहेत, खोटं कशाला बोलू, मॅग्नेट मीही हातात घेतला. पण त्या वेळी ते लोक शे-तीनशेच उरले होते.

आईला द्यायचं उत्तर मला संग्रहालयातल्या बाईंनी दिलं. मी जमेल तशा स्पॅनिशमध्ये विचारलं, शेवटचा सेल्कनाम कधी गेला? त्या म्हणाल्या, "गेले असं का म्हणता?" मग शांतपणे सांगितलं. मुलं घरोघरी वाटली गेली, त्यांना दुसरी नावं मिळाली, पण त्यांनाही मुलं झालीच ना. त्यांची नातवंडं-पणतवंडं आज आपण सेल्कनाम आहोत म्हणून उभी आहेत. पुस्तकांनी त्यांना नामशेष ठरवलं होतं. २०२३ मध्ये चिलीच्या कायद्याने सेल्कनामांना देशातला एक जिवंत मूळ समाज म्हणून मान्यता दिली.

त्या संध्याकाळी, म्हणजे घड्याळात साडेनऊ आणि बाहेर लख्ख उजेड, मी परत चौकातून निघाले होते. रांग नव्हती. मला त्या अंगठ्याला ओठ लावणं जमलं नसतं. मी आपली वाकले आणि पायाला हात लावून नमस्कार केला, आजोबांना करतो तसा. एका कुत्र्याने तेवढं बघितलं. मग आईला मेसेज टाकला की आहेत, ती माणसं आहेत.

एवढं सगळं वाचून हे उदास गाव आहे असं वाटून घेऊ नका. अजिबात नाही. पनामा कालवा १९१४ मध्ये सुरू होईपर्यंत दोन महासागरांमधली बहुतेक जहाजं इथून जायची, त्यामुळे क्रोएशियन, ब्रिटिश, स्विस, स्पॅनिश अशी सगळ्या जगाची माणसं इथे येऊन राहिली. त्यातले क्रोएशियन सगळ्यात जास्त, रस्त्यावरच्या निम्म्या पाट्यांवर आडनावं "इच"ने संपतात. ब्रिटिशांनी स्वतःचं छोटं अँग्लिकन चर्च बांधलं, शाळा काढली. गाब्रिएला मिस्त्राल, जिला पुढे १९४५ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, ती १९१८ ते १९२० इथे मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. आणि अर्नेस्ट शॅकलटन! त्याचं जहाज अंटार्क्टिकच्या बर्फात चिरडलं, २२ माणसं एलिफंट बेटावर अडकली, आणि सुटकेचे तीन प्रयत्न फसल्यावर इथूनच येल्चो नावाची चिलीच्या नौदलाची लहानशी बोट निघाली. लुईस पार्दो हा तिचा कप्तान. ३० ऑगस्ट १९१६ ला त्याने सगळेच्या सगळे २२ जण उचलले आणि चार दिवसांनी याच बंदरात आणून उतरवले. भर हिवाळ्यात, बर्फासाठी न बांधलेल्या बोटीतून. जगाला शॅकलटन माहीत आहे. गावाला पार्दो.

भूक लागली की किओस्को रोकासमोर उभं राहायचं. इथे मेनू असा नाहीच. चोरिसोचं सारण लावलेला छोटा पाव आणि सोबत केळ्याचं दूध. हो, सॉसेज आणि शिकरण. ऐकून मीही तोंड वाकडं केलं होतं, पण पहिल्या घासानंतर दुसऱ्या पावाची ऑर्डर दिली. शाकाहारी मंडळींनी नुसत्या शिकरणावर भागवावं. खिसा जड असेल तर सेंतोया, म्हणजे सामुद्रधुनीतला राजखेकडा. मालवणी रश्श्याची सर त्याला नाही, पण मांस गोडसर आणि भरपूर. कालाफाते नावाची जांभळी बोरं खाल्ली तरी माणूस पातागोनियात परत येतो म्हणतात. परत आणायचे बरेच मार्ग आहेत या लोकांकडे.

शेवटच्या दिवशी कबरस्तान. नाक मुरडू नका, स्थानिक लोकही इथे फिरायला येतात. बुल्नेस अव्हेन्यूवर, सारा ब्राउनच्याच नावाचं. दुतर्फा कापून गुळगुळीत केलेले सायप्रस, दंडगोल आणि घुमटांच्या आकाराचे, राक्षसांच्या बुद्धिबळातल्या सोंगट्यांसारखे. मधून पांढऱ्या समाध्यांच्या गल्ल्या. मेनेंदेस कुटुंबाची समाधी म्हणजे रोममधल्या एखाद्या स्मारकाची छोटी आवृत्ती. कोपऱ्याकोपऱ्यावर क्रोएशियन खलाशी, इंग्रज मेंढपाळ, बुडालेल्या जहाजांची माणसं.

आणि एका बाजूला सगळ्यात जास्त गर्दीची जागा. "इंदिएसितो", म्हणजे आपला छोटा इंडियन. पश्चिमेकडच्या बेटांवर मेलेल्या एका अनाम आदिवासीची ही कबर. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. लोक त्याला नवस बोलतात. ब्राँझच्या मुलाचा हात घासून घासून चकाकलाय, भोवती मेणबत्त्या, नाणी, खेळणी, आणि भिंतभर आभाराच्या छोट्या पाट्या. परीक्षा पास झाल्याबद्दल आभार. आईचं ऑपरेशन नीट झाल्याबद्दल आभार. एक बाई लहान पोराला कडेवर घेऊन आली, त्याचा हात त्या ब्राँझच्या हातावर ठेवला, काहीतरी पुटपुटली आणि निघून गेली. मेनेंदेसच्या समाधीपुढे मी गेले तेव्हा एकही फूल नव्हतं.

जाता जाता झोना फ्रांकात डोकवा. हे ड्यूटी फ्रीचं मोठं मार्केट. परफ्यूमच्या एका दुकानात काउंटरमागच्या काकांनी मला बघून थेट हिंदीत विचारलं, "बेटा, कहाँ से?" सिंध हैदराबादचे व्यापारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इथे पोचले होते, जहाजं जिथे थांबतात तिथे दुकान हा त्यांचा साधा नियम. आज गावात हिंदू मंदिरही आहे. काकांची चुलत बहीण उल्हासनगरला. त्यांनी चहा पाजला, चांगला उकळलेला, आलं घातलेला, आणि माझ्या पिशवीतला मॅग्नेट बघून विचारलं, "ये लोग कौन थे, मालूम है?" आम्ही दुकान बंद होईपर्यंत बोलत बसलो.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळा म्हणजे दुपारी १४-१५ अंश, तेव्हा विंडचीटर हवाच, आणि छत्री घरीच ठेवा, पहिल्याच चौकात उलटी होईल. मध्यवस्ती सगळी पायी होते, दोन दिवस पुरतात. तिसरा दिवस असेल तर सकाळची फेरी पकडून सामुद्रधुनीपलीकडे पोरवेनीरला जा, दोनेक तास लागतात. बोटीच्या डाव्या-उजव्या बाजूला कधीकधी डॉल्फिन येतात. मात्र निघायच्या आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून घ्या, कारण वाऱ्याच्या मनात नसेल तर फेरी सुटत नाही.